टबात वाकलेला माणूस

पडदा वर जातो तेव्हा समोर एक न्हाणीघर दिसतं. तिसऱ्या मजल्यावरचं, कपाटाएवढं. उजवीकडे बेसिन, डावीकडे मागच्या सज्जात उघडणारी लहानशी खिडकी, आणि मधोमध लोखंडी पंजांवर उभा असलेला जुना टब. टबात एक माणूस कमरेतून वाकलेला आहे. गुडघे बाहेर, डोकं आत. आपल्याला दिसते ती फक्त त्याची पाठ, आणि ऐकू येतो तो खरवडण्याचा आवाज. खर्र, खर्र, जरा थांबून पुन्हा खर्र.

आमच्या नाटकमंडळात नव्या माणसाला पहिली गोष्ट शिकवायचे ती अशी, की प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही. लिदुइनो तोश्त माझ्या शेजारी कित्येक वर्षं रंगमंचावर उभा राहिला आणि ती चूक त्याने एकदाही केली नाही. पोटासाठी मात्र त्याने जे काम केलं ते सगळं लोकांकडे पाठ करूनच. लोवेलमधल्या आमच्या पोर्तुगीज वस्तीत असं एकही जुनं घर नसेल, जिथल्या बाईने त्याची ती रुंद पाठ आणि मागच्या खिशातून डोकावणारा कंगवा पाहिला नाही. कंगव्याशिवाय तो कुठे जात नसे. परक्याच्या न्हाणीघरात शिरतानासुद्धा आधी केस नीट करायचा, जणू टबाला मागणी घालायला चाललाय.

आम्ही दोघं पोर्तुगालच्या तेरसैरा बेटावरचे. भूकंपात त्याचं घर पडलं आणि तो बायकोला, इल्डाला, घेऊन इकडे अमेरिकेत आला. आधी सूतगिरणी, मग गिरणी बंद पडल्यावर टब. मुलगी झाली तेव्हा बाप्तिस्म्याला तिचा धर्मपिता म्हणून मला उभं केलं. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या वरचं. त्या दिवसापासून मी त्याचा कुंपाद्रे झालो, तो माझा. आणि कुंपाद्रेला एकेरी हाक मारायची नाही. त्यामुळे लिदुइनो मला शिव्यासुद्धा अहो-जाहो करून द्यायचा.

त्याचं काम काय होतं ते सांगतो. ही घरं जुनी, टब त्याहून जुने. पिवळे पडलेले, गंजाचे ओघळ आलेले. नवा टब जिन्यावरून वर चढत नाही आणि जुना खाली उतरत नाही. म्हणून टब आहे तिथेच ठेवून त्याच्यावर नवा चकचकीत मुलामा चढवायचा. त्याआधी जुना रंग उतरवावा लागतो. त्यासाठी डब्यातून यायचं ते द्रव्य. आम्ही सगळे त्याला औषध म्हणायचो, उंदराच्या किंवा भिंतीतल्या किड्यांच्या औषधाला म्हणतो तसं. लिदुइनो टबाच्या तळाच्या भोकाला बूच लावायचा, औषध ओतायचा, ब्रशाने पसरायचा आणि वाट बघायचा. थोड्या वेळाने रंगाला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडायच्या, फोड यायचे. मग आत वाकून पातं चालवायचं. टबाचा तळ खोल, पात्याचा दांडा आखूड. डोकं आत घातल्याशिवाय हात पोचत नाही.

एकदा मी त्याला भेटायला असाच वर गेलो आणि दारातच नाक धरलं. गोडसर वास, आणि गोडाच्या आत काहीतरी धारदार. मी म्हटलं, ह्यात तुम्ही श्वास कसा घेता? तो हसला. म्हणाला, पहिल्यांदा नाकात चढतो, मग वासच राहत नाही, औषध उडून जातं. मला ते पटलं. त्याला तर पटलेलंच होतं. वास येईनासा झाला तो त्याचं नाक थकलं म्हणून, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

डोकं गरगरायला लागलं की तो मागच्या सज्जात येऊन पायरीवर बसायचा, पाव आणि चीज खायचा, खालच्या बायकांची चेष्टा करायचा. गरगर उतरली की परत आत. तिला तो आपल्या कामाचाच एक भाग समजायचा, जशी सुताराच्या बोटाला लागलेली ठेच.

घरी मात्र वेगळं चालू झालं होतं. दिवसाचं काम संपवून तो हसत यायचा. कशालाही हसायचा. चपला चुकीच्या पायात घालायचा. इल्डा पावाच्या कारखान्यात संध्याकाळच्या पाळीला जायची, दारातच दोघांची गाठ पडायची.

"तोंड इकडे कर," ती म्हणायची.

"प्यायलेलो नाही मी."

"मग हसतोस कशाला?"

"तुला बघून. रडू का?"

ती तोंडाचा वास घ्यायची. वाइनचा नसायचा. दुसराच कसला तरी असायचा, आणि तो उशीवरसुद्धा उतरायचा. इल्डाने मला सांगितलं होतं, कुंपाद्रे, हा माणूस पीत असता तर मी भांडून सोडवलं असतं, पण न पिता झिंगणाऱ्याला काय सोडायला सांगू?

मग तो कार्निव्हल आला. उपवासाचे दिवस लागण्याआधी आमची मंडळं एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये नाटकं करत फिरतात. सगळं पद्यात, सगळं पाठ, मागून सांगणारा कुणी नाही. त्या वर्षी चोरीला गेलेल्या गाईचं नाटक होतं. मी गाईचा मालक, लिदुइनो न्यायाधीश. त्याच्या स्मरणशक्तीची आमच्यात शपथ घ्यायचे. लोक म्हणायचे, लिदुइनोला विचारा, त्याला आपल्या आजोबांचीसुद्धा कवनं पाठ आहेत.

शेवटच्या प्रवेशात त्याने निकाल द्यायचा होता. तो पुढे आला, हात वर केला, आणि थांबला. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. रंगमंचावर विसरलेला माणूस घाबरतो, घामाघूम होतो. मी स्वतः झालोय. लिदुइनो घाबरला नव्हता. त्याला आपण काही विसरलोय हेच कळलं नव्हतं. तो शांतपणे दिव्यांकडे बघत उभा राहिला आणि मग हसायला लागला. मी गाईच्या मालकाच्या तोंडून एक कवन तिथल्या तिथे जुळवलं, न्यायाधीशाला उचलून बाजूला नेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. विदूषकाच्या भूमिका करत आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं जमतं. पण विंगेत त्याचा हात धरला तेव्हा तो थंड होता आणि नखं निळसर दिसत होती.

हॉलच्या बारमध्ये बातमी आमच्याआधी पोचली. कुणीतरी म्हणालं, न्यायाधीशाने आधी स्वतःला सहा महिने कोरडं राहायची शिक्षा द्यावी. सगळे हसले. इल्डा कोपऱ्यात बसली होती. तिने ग्लास खाली ठेवला आणि कोट घातला.

त्यानंतर तिने त्याला ओढत दवाखान्यात नेलं, कारण आता छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतंय असं तो झोपेतून उठून म्हणायला लागला होता. मुलगी नेलिया बरोबर गेली, कारण आईबापांचं इंग्रजी दुकानापुरतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, किती सिगारेटी ओढता? लिदुइनोने जन्मात ओढली नव्हती. डॉक्टर म्हणाले, मग रक्तात कार्बन मोनॉक्साइड इतका कसा? बंद खोलीत कोळसा पेटवल्यावर जो वायू जीव घेतो, तोच हा. घरातली शेगडी, बॉयलर तपासून घ्या. त्यांनी कामधंदा विचारला तेव्हा नेलियाने सांगितलं, बाबा न्हाणीघरांची कामं करतात. डॉक्टरांना वाटलं नळदुरुस्ती. ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

बॉयलर तपासला. धुराडं साफ केलं. भिंतीवर वायू ओळखणारी घंटा लावली. ती घंटा कधीच वाजली नाही आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ते औषध श्वासातून रक्तात गेलं की शरीर स्वतःच त्याचा तो विषारी वायू बनवतं, हे आम्हाला फार पुढे कळलं. आम्ही घरभर शेगडी शोधत होतो. ती त्याच्या आत पेटलेली होती.

संशय पहिल्यांदा आला तो नेलियाला. बापाच्या गाडीत बसली असताना तिने डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि तशीच घरात आली.

"बाबा, ह्याच्यावर लिहिलंय, उघड्यावरच वापरा. बंद जागेत नको."

"बरं. टब उघड्यावर नेतो. तुझ्या सासऱ्याला बोलव उचलायला."

"चेष्टा नाही करत मी. मरतं माणूस ह्याने."

"मग मी इतकी वर्षं कोण आहे, भूत?"

भांडण बरंच चाललं. इल्डाचं म्हणणं होतं की धंदाच सोड, शाळेत सफाईला माणूस हवाय, तिथे वास आला तर निदान फिनाइलचा येतो. तो म्हणाला, ईस्टर तोंडावर आलंय, आमच्या लोकांची घरं कोण करणार? शेवटी मधला मार्ग निघाला. नेलियाने त्याला दोन्ही गालांवर हवा गाळणारी डबी असलेला रबरी मास्क आणून दिला, दुकानदाराने खात्री दिलेला, आणि खिडकीत ठेवायला पंखा. लिदुइनो मास्क घालून आरशासमोर उभा राहिला आणि मला म्हणाला, कुंपाद्रे, पुढच्या वर्षी गाय मीच होतो. आम्ही हसलो. इल्डासुद्धा हसली.

त्या डब्या ह्या औषधापुढे थोडाच वेळ टिकतात. आणि पंखा ठेवला उंच, खिडकीत. वाफ वर जाते हे आपल्याला चुलीने शिकवलंय. ही वाफ हवेपेक्षा जड. ती खाली बसते. टब पाणी धरून ठेवायला घडवलेला असतो, तो हेही धरून ठेवतो, काठोकाठ, आणि दिसत काहीच नाही.

ईस्टर झालं की सात रविवार पवित्र आत्म्याचा चांदीचा मुगुट आमच्या घराघरांतून फिरतो. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याच्या दिवाणखान्यात तो आठवडाभर वेदीवर विराजमान. भोवती फुलं, मेणबत्त्या, आणि रोज संध्याकाळी सगळी वस्ती जपमाळेच्या प्रार्थनेला त्याच्या घरी. रविवारी सगळ्यांना जेवण. त्यामुळे ज्याच्याकडे मुगुट येणार तो घर असं सजवतो, की पोरीच्या लग्नातही सजवलं नसेल. आणि आमच्या बायकांचं मला माहीत आहे. आलेली बाई आधी मुगुटापुढे गुडघे टेकते आणि मग हळूच न्हाणीघर बघून येते. हे सात आठवडे म्हणजे लिदुइनोचा हंगाम. एकेका दिवसाला दोन दोन टब.

त्या वर्षी पाचव्या रविवारची चिठ्ठी तिया एदुइनाची निघाली. तिया म्हणजे मावशी. ती कुणाची सख्खी मावशी नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. नवरा गेलेला, मुलं कॅलिफोर्नियात, आणि आयुष्यभर चिठ्ठी टाकून एकदाही नाव न निघालेलं. लिदुइनोने तिचा टब आदल्या आठवड्यातच करून दिला होता, आरशासारखा. पण त्याच्याआधी कुण्या दुसऱ्याच कारागिराने त्या टबाला हलक्या प्रतीचा रंग फासलेला होता, आणि तो खालचा थर पूर्ण उतरला नव्हता. तियाने वेदीच्या फुलांच्या बादल्या गार राहाव्यात म्हणून टबात पाणी भरून ठेवल्या. गुरुवारी फुलं काढायला गेली तर लिदुइनोचा पांढरा मुलामा पाण्यावर पापुद्र्यांनी तरंगत होता.

तिने फोन केला तेव्हा रागावली नव्हती, रडत होती. लिदुइनोला रागावलेलं परवडलं असतं. तो दुसरीकडचा एक टब खरवडून संपवतच होता. तिथूनच डबे गाडीत टाकून निघाला. आज रंग उतरवतो, उद्या मुलामा, शनिवारी वाळेल, रविवारी तुमचा टब बघून बायका मुगुट विसरतील, असं त्याने तिला सांगितलं.

तो आला तेव्हा आम्ही प्रार्थनेला जमायला लागलो होतो. खिडकीबाहेर अजून उजेड होता. त्याने मुगुटापुढे छातीवर क्रूस काढला, केसांवरून कंगवा फिरवला. मला बघून म्हणाला, कुंपाद्रे, पुढे बसा, तुमच्या आवाजाने निदान देवाला डुलकी लागायची नाही. ओठ जरा निळे वाटले. जांभळ्या फुलांची सावली असेल असं मला वाटलं.

न्हाणीघर आणि वेदी ह्यांच्यामध्ये एकच भिंत. तिया काळजीत पडली. वास इकडे आला तर फुलं कोमेजतील, लोकांना ठसका लागेल. लिदुइनोने तिला धीर दिला. दोन टॉवेल ओले करून दाराच्या फटीत आतून ठासले. खिडकी सज्जात उघडते आणि सज्जात रविवारच्या रश्श्याची पातेली, उभी राहिलेली माणसं, म्हणून खिडकी लावली. पंखा आत काढून ठेवला, तो तेवढा घरघरत राहिला. मग त्याच्याच लक्षात आलं की इथे प्रार्थना चालणार, आणि त्याने पंखाही बंद केला. मी भिंतीपलीकडून एकेक आवाज ऐकला. आधी खिडकी, मग पंखा. प्रत्येक गोष्ट त्याने दुसऱ्यासाठी केली. आम्हाला त्याचं कौतुक वाटलं. शेजारची बाई म्हणाली, बघा, ह्याला म्हणतात संस्कार.

तिया दारापाशी गेली, आतल्या लिदुइनोशी दोन शब्द बोलली, परत येऊन गुडघ्यांवर बसली आणि प्रार्थना सुरू झाली.

एकाने अर्धं म्हणायचं, बाकीच्यांनी उत्तर म्हणून उरलेलं अर्धं. 'नमो मरिया' तियाचं, 'पवित्र मरिये' आमचं. लाटेसारखं चालतं ते. भिंतीपलीकडून खरवडण्याचा आवाज येत होता, आमच्या लयीत. एक ओळ, खर्र. दुसरी ओळ, खर्र. मला तर ते वाद्यासारखं वाटलं. मग माळेच्या मध्यावर कुठेतरी तो थांबला. मी डोळे मिटूनच होतो. मनात आलं, औषध लावून वाट बघत असेल. दुसऱ्या कुणाला वाटलं, प्रार्थनेचा मान राखून थांबला. तिसऱ्याला काहीच वाटलं नाही. आम्ही सगळे एका सुरात उत्तरं देत होतो आणि तीस माणसांच्या आवाजात एका माणसाचं नसणं ऐकू येत नाही.

प्रार्थना संपली. कॉफी आली, गोड पाव आला. एक म्हातारा न्हाणीघराकडे गेला आणि दार ढकलून परत आला, म्हणाला आत कुणीतरी आहे. मी जाऊन दार वाजवलं. नाव घेतलं. मग खांदा लावला. ओल्या टॉवेलांनी दार अडकलं होतं, ते रेटत रेटत उघडलं.

तो तसाच होता. गुडघे बाहेर, डोकं आत. मास्क तोंडावर घट्ट, पातं हातात. गाल टबाच्या तळाला टेकलेला, तिथे सुरकुतलेल्या रंगावर. त्याला उचलायला मी आत वाकलो आणि दोन श्वासांत माझे पाय गेले. मला मागून कुणीतरी कॉलर धरून ओढलं, नाहीतर आम्ही दोघंही कुंपाद्रे तिथेच संपलो असतो. खिडकी फोडली. त्याला सज्जात आणलं, रश्श्याच्या पातेल्यांशेजारी. रुग्णवाहिकेच्या माणसांनी बराच वेळ छाती दाबली. तिया मुगुटापुढची मेणबत्ती घेऊन बाहेर आली आणि तिला ती कुठे ठेवायची कळेना.

पुढे कामगार खात्याचा माणूस आला, त्याने आम्हाला मास्कचं, पंख्याचं, जड वाफेचं सगळं समजावलं. इतर गावांतही टबात वाकलेली माणसं अशीच सापडली आहेत असं तो म्हणाला. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी रंग उतरवायचं काम निघालं की जाऊन बसतो आणि आधी डबा वाचायला लावतो. लोक मला कंटाळले आहेत. कंटाळू देत.

त्या संध्याकाळी इल्डा कारखान्यातून पीठ लागलेल्या हातांनी थेट इस्पितळात आली. तिने डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली, आणि नेलियाने रडत रडत ती इंग्रजीत केली: ह्याच्या रक्तात दारू होती का? डॉक्टर म्हणाले, एक थेंबही नाही. इल्डाने मान डोलावली. दफन झाल्यावर त्याच आठवड्यात ती हॉलच्या बारमध्ये गेली, जिथे बायका एकट्या जात नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने ते वाक्य एकदा म्हटलं, "एक थेंबही नाही," आणि घरी आली. त्या हॉलमध्ये मी खूप भाषणं ऐकली आहेत. त्या एका वाक्याच्या जवळपास जाणारं एकही नाही.

मग तिने मला बोलावलं. टेबलावर त्याचा कंगवा होता. म्हणाली, तुम्ही भिंतीला लागून बसला होतात. तिया दारापाशी गेली तेव्हा तो काय बोलला ते तुम्हाला ऐकू आलं असेल. मला सांगा, आणि कुंपाद्रे, नाटक करू नका.

मी केलं नाही. तियाने विचारलं होतं, लिदुइनो, तुझ्यासाठी थांबू का, बाहेर येतोस का प्रार्थनेला? मास्कमुळे घोगरा झालेला त्याचा आवाज दारामागून आला.

"थांबू नका, तिया. तुम्ही सुरू करा. मी इथूनच उत्तर देतो."